उंबरठ्याखालची सोबतीण

२० जानेवारी

जुन्या पंचांगातला थोर्री महिना लागला म्हणून विहीणबाईंनी जेवायला बोलावलं होतं. आंबवलेला शार्क, मेंढीचं भाजलेलं मुंडकं, आणि मेंढ्याचा तो अवयव, ज्याचं नाव मी ताटावर बसून घेत नाही. सगळं घरी केलंय म्हणाली. शार्कला दुकानाचा वास येत होता, पण मी काही बोलले नाही.

हेर्दीसने उभा जन्म लोकांच्या ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेण्यात काढला. निवृत्त झाली आणि जुन्या देवांच्या मंडळात शिरली, बघता बघता तिथली पुजारीण झाली. काम तेच, नियम सांगायचे आणि चुकेल त्याला नापास करायचं. तिचा ओर्री माझा जावई. माझ्या स्वालाला आठवा महिना लागलाय.

कॉफीच्या वेळी हेर्दीस म्हणाली, "बेर्गल्योट, आमच्या मंडळात एकदा येऊन बोल की. तुमचं ते झ्यूरिकचं मानसशास्त्र आणि आमच्या जुन्या लोकांच्या आत्म्याच्या गोष्टी, यांत म्हणे बरंच सारखं आहे."

"म्हणे म्हणजे? कोण म्हणतं?"

"स्वाला म्हणते."

म्हणजे माझी मुलगी माझ्या शास्त्राबद्दल माझ्याशी बोलत नाही, सासूशी बोलते. कुठेतरी पाणी मुरतंय.

स्वाला गाडीपर्यंत सोडायला आली. "आई, हो म्हण तिला. पण बोलायला ये, तपासायला नको," म्हणाली. मग ऑक्टोबरचं उकरून काढलंच. ऑक्टोबरात मी ओर्रीच्या गाडीमागे गाडी घातली होती. दर मंगळवारी हा माणूस कुठे जातो ते कोणी सांगेना. निघाला पुरुषांच्या गायनमंडळात. आवाज धड नाही म्हणून लाजून सांगत नव्हता, असं त्याचं म्हणणं. माझी शंका रास्त होती असं मी आजही म्हणते. फक्त मी चर्चच्या खिडकीतून आत बघत असताना त्या सगळ्या बाप्यांनी गाणं थांबवलं, ते व्हायला नको होतं.

"पुन्हा आमच्यावर पाळत ठेवलीस ना," स्वाला म्हणाली, "तर बाळ तुझ्या हातात देणार नाही. मी गंमत करत नाहीये."

तिला गंमत करता येतच नाही. माझीच मुलगी.

५ फेब्रुवारी

भाषण लिहायला घेतलंय. विषय खरंच मोहात पाडणारा आहे, आणि म्हणूनच मला त्याचा भरवसा वाटत नाही.

जुने लोक माणसाला एक आत्मा देऊन गप्प बसले नाहीत. एक कातडं, म्हणजे रूप, जे काढता-घालता येतं. आमच्या शास्त्रात त्याला मुखवटा म्हणतात. एक मन, जे अंगात स्वस्थ बसत नाही, मालकाच्या आधी दुसऱ्याच्या घरी पोचतं, तिथल्या माणसांना जांभया आणतं, कप फोडतं. आमच्याकडे म्हणतात, आपल्या आतलं दुसऱ्याच्या डोक्यावर लादणं. एक घराण्याचं नशीब, जे नावाबरोबर नातवंडांकडे जातं. आणि फिल्ग्या. जन्माबरोबर येणारी, जन्मभर पुढे-मागे चालणारी सोबतीण. कधी कुत्री, कधी अस्वल, कधी बाई. ती दुसऱ्यांना दिसते, ज्याची त्याला दिसत नाही. दिसली तर समजावं, दिवस भरले. आमच्याकडे तीच सावली. माणसाचा जो भाग साऱ्या गावाला ठाऊक असतो आणि त्याला एकट्याला नसतो.

इतकं जुळतं की संशय यावा. आमच्या शास्त्राचे मूळपुरुषही लहानपणी आजीच्या तोंडून याच गोष्टी ऐकून झोपी गेले असतील. मग म्हातारपणी त्यांना माणसाच्या मनात तेच सापडलं, यात नवल कसलं? आपण लपवलेलं अंडं आपणच शोधून काढायचं आणि कोंबडीला शाबासकी द्यायची.

स्वालाला फोन केला होता. मागून ओर्रीची जांभई ऐकू आली. "तू येणार असलीस किंवा तुझा फोन यायचा असला की याला आधी झोप येते," स्वाला हसत म्हणाली. "हेर्दीस म्हणते, तुझं मन फार तरातरा चालतं, तुझ्या पुढे धावतं."

माझ्या मनाबद्दल घरात चर्चा होते. लिहून ठेवते.

१८ फेब्रुवारी

भाषण झालं. मंडळाची जागा म्हणजे बंदरावरची माशांची जुनी वखार. भिंतीवर देवांची लाकडी तोंडं आणि खाली रिकामे क्रेट. वीसेक माणसं होती. बरीचशी मेंढपाळ, दोन शिक्षिका, आणि एक तरुण, जो सारखा माझ्याकडे बघून हेर्दीसच्या कानात काहीतरी सांगत होता.

चांगलं बोलले. एक म्हातारा उठून म्हणाला, "माझ्या बायकोची फिल्ग्या कुत्री होती. बाई टेकडीपलीकडे असायची तेव्हाच आमची मेंढरं उठून उभी राहायची. तुमचं शास्त्र मेंढरांना लागू होतं का?" मी म्हटलं, मेंढरं मालकाच्या तोंडाकडे बघून उठत असतील. म्हणजे बायको येणार हे तुम्हालाच आधी कळत असणार. म्हातारा म्हणाला, "मला कळत असतं तर मी वेळेवर दारू लपवली नसती का?"

मग हेर्दीस उठली. "तुझी स्वतःची सावली कशी आहे, बेर्गल्योट?"

"झ्यूरिकला सहा वर्षं तपासून घेतली," मी म्हटलं. "आता फारशी उरलेली नाही."

सगळी वखार हसली. स्वालासुद्धा. मी विनोद केला नव्हता.

बाहेर पडताना त्या तरुणाला गाठून सरळ विचारलं, हेर्दीसला काय सांगत होतास म्हणून. म्हणाला, "तुमच्या कोटाला किमतीची चिठ्ठी लटकतेय, सांगावं का, असं विचारत होतो." चिठ्ठी होती खरी. पण तेवढ्यासाठी तीनदा कुजबुजायला लागतं का?

९ मार्च

मुलगा झाला. दोघं ठीक आहेत.

मी दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर राहते. हेर्दीस राहते लांब दाल्विकला, स्वाला-ओर्रीच्याच गावात, त्यातून रस्त्यावर बर्फ. तरी मी पोचले तेव्हा ती पायांवर पाय टाकून कॉफी पीत बसलेली. ओर्री म्हणाला, "बर्फात गाडी घसरेल अशी भीती वाटली, म्हणून आईलाच चालवायला सांगितलं. तुम्हाला फोन करत होतो, तुम्ही उचलला नाहीत." फोन पाहिला. त्याचे फोन आलेले होते. पण ते मी झोपेत असताना, मुद्दाम त्याच वेळी.

बाळ माझ्या हातात दिलं. काही लिहिता येत नाही. डोळे मिटलेले, मुठी आवळलेल्या, आणि डोक्याला ओल्या लोकरीचा वास. मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. एवढ्या वर्षांत एखादी गोष्ट संपूर्ण माझी आहे असं पहिल्यांदा वाटलं. लगेच त्याला हेर्दीसने घेतलं.

निघताना तिच्या पिशवीत व्हॅनिला आइस्क्रीमचा डबा दिसला. दवाखान्यात आइस्क्रीम कशाला, म्हणून विचारलं. त्यात बाळाची वार होती.

"आई, तसला चेहरा करू नकोस," स्वाला पलंगावरून म्हणाली. "मीच मागून घेतलीय सुईणीकडून."

"जमीन अजून गोठलेली आहे," हेर्दीस म्हणाली. "मे उजाडेपर्यंत त्यांच्याच फ्रीजरमध्ये. मग त्यांच्या उंबरठ्याखाली."

माझ्या नातवाचा एक भाग विहिणीच्या पिशवीतून घरी गेला, आणि मी तो जाताना बघत राहिले.

२६ मार्च

स्वालाकडे गेले होते. ती बाळाला पाजत होती तेवढ्यात फ्रीजर उघडला. डबा तिथेच आहे, हॅडॉक माशाच्या तुकड्यांच्या मागे. झाकण नीट लागलंय का ते बघत होते, इतकंच.

"काय शोधतेस?" मागून स्वाला.

"वाटाणे."

"वाटाणे खालच्या खणात असतात. आणि तू वाटाणे खात नाहीस."

थोड्या वेळाने हेर्दीस आली, गोड पिठाच्या क्लेइना तळून घेऊन. तळण मात्र तिला येतं, हे मान्य करायला हवं. खाता खाता तिने उंबरठ्याचं सगळं सांगितलं. बाळाची सोबतीण त्या वारेत असते. वार पुरल्यावर तिच्यावरून पहिला पाय ज्याचा पडेल त्याचं रूप ती घेते आणि मग जन्मभर त्या रूपात माणसाबरोबर चालते. म्हणून पहिली जायची ती बाळाची आई.

"माझ्या पणजोबांच्या वेळी मांजर आधी गेलं," ती म्हणाली. "पणजोबा कुठेही जायचे असले की त्या घरच्या उंदरांची आदल्या दिवशीपासून पळापळ."

मी स्वालाला विचारलं, "तुझा विश्वास आहे यावर?"

"नाही," ती म्हणाली. मग बाळाकडे बघत राहिली. "पण कोणीतरी याच्यामागून जन्मभर चालणार असेल, तर ती मी असावी असं वाटतं. त्यात काय वाईट आहे?"

वाईट काही नाही. आम्हीही वेगळं काय म्हणतो? आईबाप जे जगले नाहीत, ज्याला तोंड द्यायला घाबरले, ते पोराच्या पाठीमागे चालत राहतं. मला फक्त एक खटकलं. हे सगळं सांगताना हेर्दीसची नजर आमच्यापैकी कोणाकडे नव्हती, दाराकडे होती. पहिला पाय कोणाचा पडणार हे तिच्या मनात ठरलेलं आहे.

२० एप्रिल

पंचांगातला उन्हाळ्याचा पहिला दिवस. अर्थातच बर्फ पडलं. पोराला उन्हाळ्याची भेट म्हणून बादली आणि फावडं नेऊन दिलं. तो अजून मान धरत नाही, पण रीत ती रीत.

नाव अजून सांगत नाहीत. नाव ठेवायच्या दिवसापर्यंत सांगायचं नसतं, ते मलाही माहीत आहे. स्वालाचं नाव मीही माझ्या आईला सांगितलं नव्हतं. पण सगळ्यांपासून लपवणं वेगळं आणि एकीपासून लपवणं वेगळं. संध्याकाळी हेर्दीसला पोहण्याच्या तलावावर गरम पाण्याच्या कुंडात गाठलं. तिथे माणूस गळ्यापर्यंत बुडालेला असतो, पळून जात नाही.

"नाव ठरलं का गं?"

"ठरलं असेल."

"म्हणजे तुला माहीत आहे."

"बेर्गल्योट, नाव ठेवेपर्यंत सांगत नसतात."

"माहीत नसतं तर 'माहीत नाही' म्हणाली असतीस."

कुंडातल्या बाकीच्या बायका एकदम आभाळाकडे बघायला लागल्या. हेर्दीसने तोंडावर पाणी मारलं. "परीक्षेला बसलेली पोरंही इतके आरसे बघत नाहीत," ती म्हणाली. "उजवा, डावा, मागचा. समोर बघायचं राहून जातं आणि गाडी जाते खड्ड्यात."

मी म्हटलं, आरसे न बघणारेच जास्त मरतात. यावर ती उठून दुसऱ्या कुंडात गेली. बहुतेक तिच्या बापाचं नाव ठेवणार. घराण्याचं नशीब नावाबरोबर जातं, हे माझ्याच भाषणात तिने ऐकलंय. मीच हाताने दिलेली काठी.

१२ मे

स्वालाचा फोन. पुढच्या शनिवारी नाव ठेवायचं, दुपारी तीनला. सकाळी वार पुरणार.

"सकाळी कोण कोण?"

"आम्हीच. मी, ओर्री, बाळ. हेर्दीस येईल चार शब्द म्हणायला."

"आणि मी?"

"आई, तू तीनला ये."

"मी उंबरठा खाणार आहे का?"

"तसं नाही गं. तू समोर असलीस की मला सगळं नाटक वाटायला लागतं. तू काही बोलत नाहीस, नुसती बघतेस. मला एक सकाळ अशी हवी आहे की जिच्याकडे कोणी बघत नाहीये."

हे वाक्य तिचं नाही. माझी मुलगी असं बोलत नाही. कोणीतरी पढवलंय.

दुपारी एक बाई आली होती सल्ल्याला. तिला वाटतं, ऑफिसातले सगळे तिच्याविरुद्ध आहेत. मी तिला म्हटलं, कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, आधी आपले डोळे तपासू या. बाई रडली, मग तिला बरं वाटलं. माझं काम मला येतं, यात शंका नाही.

२० मे

हे आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी ते माझ्या सोयीचं करून लिहीन.

सकाळी लवकर निघाले. रुबार्बचा केक गरम गरम पोचावा म्हणून, असं स्वतःला सांगितलं. गाडी तलावापाशी लावली आणि चालत गेले. शेजाऱ्यांची बोट अंगणात ओढून ठेवलेली आहे, तिच्या आड उभी राहिले. तिथून स्वालाचं दार समोर दिसतं.

ओर्रीने उंबरठ्याची फळी काढून ठेवली होती आणि तो खणत होता. हेर्दीस डोक्याला शाल गुंडाळून उभी. डबा आला. तिने काही म्हटलं, वाऱ्यामुळे मला ऐकू आलं नाही. माती लोटली, ओर्रीने फळी परत बसवून खिळे ठोकले. मग हेर्दीस घराला वळसा घालून मागच्या दाराने आत गेली. ओर्री बाहेरच थांबला, हातात हातोडी.

दाराला वरच्या बाजूला काच आहे. काचेतून मला हेर्दीस दिसली. तिच्या हातात बाळ होतं. एकटीच. ती दारापाशी आली आणि तिने कडीला हात घातला.

मला वाटलं, हेच, पहिला पाय हीच टाकणार. हेच मी जानेवारीपासून म्हणत होते.

मी धावले. केक कुठे पडला आठवत नाही. ओर्री "अहो, अहो" करत आडवा आला, त्याला बाजूला ढकललं. दार उघडलं जात होतं, ते मी बाहेरून ढकललं आणि आत घुसले.

आत, दाराला लागून जे बाक आहे, त्यावर स्वाला बसली होती. एका पायात बूट, दुसरा हातात. सिझेरियनच्या टाक्यांमुळे तिला अजून पटकन वाकता येत नाही. हेर्दीसने बाळ तेवढ्यापुरतं धरलं होतं आणि तिच्यासाठी दार उघडत होती.

कोणी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. सगळ्यांनी माझ्या पायांकडे बघितलं.

मी मागे सरकायला लागले. हेर्दीस हळूच म्हणाली, "राहू दे. एकदाच मोजतात."

स्वालाने हातातला बूट खाली ठेवला. ती ओरडली असती तर मला चाललं असतं. तिने बाळ हेर्दीसकडून घेतलं, छातीशी धरलं आणि म्हणाली, "आई, आता घरी जा."

"मला वाटलं, ती..."

"माहीत आहे तुला काय वाटलं. जा."

बाहेर जाताना मी पुन्हा त्याच फळीवरून गेले. मागचं दार मला सुचलंच नाही.

२१ मे

शांत डोक्याने विचार केला. जे डोळ्यांना दिसलं त्यावरून कोणालाही तेच वाटलं असतं. मुळात हा सगळा अडाणी समज आहे. फळीखाली मांसाचा तुकडा आहे, आणखी काही नाही. माझ्या पायाने पोराचं काय होणार आहे?

स्वाला फोन उचलत नाही.

२७ मे

नाव मला बेकरीत कळलं. ओर्रीच्या गायनमंडळातला एक जण पाव घेत होता. म्हणाला, "अभिनंदन आजी, होग्नी नाव फार छान शोभतं त्याला."

होग्नी माझ्या वडिलांचं नाव.

मी पाव न घेता घरी आले. तीनला मला बोलावलं होतं ते यासाठी. सगळ्यांसमोर ते नाव घेऊन ती माझ्याकडे बघणार होती, आणि मी तिथे नव्हते. मला इतकी लाज वाटते आहे की खोलीत एकटी असूनही तोंड लपवावंसं वाटतं. आणि तरी मनाचा एक कोपरा विचारतोच आहे, हेर्दीसने हे नाव कसं काय होऊ दिलं?

३ जून

हेर्दीस दारात. हातात माझा केकचा डबा, घासून-पुसून आणलेला.

"बोटीखाली सापडला," म्हणाली. "केक समुद्रपक्षी खाऊन गेले." मग बसली, कॉफी मागितली. मी विचारलं, स्वालाने पाठवलं का. नाही म्हणाली. मग कशाला आलीस? तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं, ती परीक्षेला बसलेल्या माणसाकडे बघत असेल तसं.

"हे बघ, मला तू आवडत नाहीस," ती म्हणाली. "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असली माणसं मला गाडीतही नको असायची. पण पोरगी रोज रडते. तिला वाटतं, तिच्या पोरामागे आता जन्मभर तू चालणार, दारं ढकलत."

"तिचा विश्वास नाही त्या गोष्टींवर."

"माझा आहे. म्हणून मी तिला सांगितलं, सोबतीण हाकलून देता येत नाही. हाकलली की ती आडून आडून येते, आणखी वाईट रूप घेऊन. तिच्याशी ओळख करून घ्यावी लागते. तिला बोलतं करावं लागतं."

"हे माझ्या भाषणातलं आहे. सावलीबद्दल मी हेच म्हटलं होतं."

"असेल," ती उठत म्हणाली. "मी ऐकत होते."

ती गेल्यावर डबा उघडून बघितला. रिकामा होता. काय सापडेल असं मला वाटलं होतं, देव जाणे.

१० जून

स्वाला आली. फोन न करता, बाळाला पोटाशी बांधून. माझ्या सल्ल्याच्या खोलीत येऊन पेशंटच्या खुर्चीत न बसता माझ्या खुर्चीत बसली. मग दुसरी खुर्ची मला घ्यावी लागली.

"मी ठरवलं होतं, तुला हा दाखवायचाच नाही," ती म्हणाली. "शब्द दिला होता तुला."

"हो."

"पण तू तर याच्या पुढे-मागे असणारच. मी दार लावलं तरी. त्या फळीमुळे नाही गं, ती फळी नसती तरी. मग म्हटलं, निदान कोण आहे ती ते तरी मला कळू दे." तिने बाळाच्या पाठीवर हात ठेवला. "आई, तुला कशाची भीती वाटते?"

या खुर्चीत बसणाऱ्या माणसांना उत्तर द्यायला इतका वेळ का लागतो, ते मला आज कळलं. समोरच्याच्या डोळ्यांत बघवत नाही.

"तुम्ही सगळे आपसात काहीतरी ठरवाल," मी म्हटलं. "माझ्याशी गोड बोलत राहाल. आणि एक दिवस मी येईन तेव्हा घर रिकामं असेल."

मी पुढे बोलत गेले. "तुझा बाबा आपल्याला सोडून नॉर्वेला गेला तेव्हा सगळ्या बंदराला महिनाभर आधी माहीत होतं. दुकानात बायका माझ्याशी फार चांगलं वागत होत्या. मला वाटलं, लोक किती प्रेमळ आहेत. मी घरी त्याचे मोजे विणत बसले होते. त्यानंतर कोणी चांगलं वागलं की मला..."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"तुला काही विचारायची सोय होती का?"

नव्हती. मी तसं म्हटलं. ती रडली नाही, मीही नाही. मग तिने फडकं सोडलं, उठून बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. "जरा दुकानात जाऊन येते," म्हणाली. "त्याचं दूध पिऊन झालंय. झोपेल."

दार लागलं. जिन्यावरून पावलं खाली गेली. होग्नीने माझं बोट धरलं होतं आणि तो छताकडे बघत होता, तिथे काहीतरी असल्यासारखा. मी त्याला त्याच्या नावाने हाक मारली, पहिल्यांदा. मला फार बरं वाटलं.

गाडी सुरू झाल्याचा आवाज मात्र येईना. मी बसून राहायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. मग त्याला खांद्याशी घेऊन उठले आणि पडद्याच्या कडेने खाली बघितलं.

ती कुठेच गेली नव्हती. गाडीत बसून, काच खाली करून, मान वर करून ती माझ्या खिडकीवर डोळे लावून बसली होती. तोंड उतरलेलं, ओठ घट्ट आवळलेले, आणि नजर हलत नव्हती. ते तोंड मी ओळखलं. मी बोटीच्या आड उभी होते तेव्हा मला आरसा कोणी दाखवला असता, तर त्यात तेच दिसलं असतं. आणि तिच्या अंगात ते कालपरवा आलेलं नव्हतं.

मी पडदा पूर्ण बाजूला केला आणि बाळाला दोन्ही हातांनी उचलून काचेपाशी धरलं, तिला नीट दिसावं म्हणून. तिने हात हलवला नाही. माझे हात दुखायला लागले तरी मी त्याला तसंच धरून ठेवलं.